टोंगळा, टकळी आणि खंजेरी

हाड मोडलेल्या माणसाला भेटायला येणारे रिकाम्या हातानं येत नाहीत, रिकाम्या तोंडानं तर नाहीच नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वीकडच्या गावांत कुणाच्या पायाला काही झालं की ती बातमी एसटीच्या आधी पोहोचते. एकीनं हाडजोडीची वेल आणून दिली, दुसरीनं खारीक-खोबरं. कुणी खेकड्याचा रस्सा सुचवला, कुणी डिंकाचे लाडू. आणि उठताना प्रत्येकाचं एकच ठरलेलं वाक्य, "जाऊ द्या वैनी, जे होते ते चांगल्यासाठीच होते."

या वाक्याचा मला तेव्हा राग यायचा. अजूनही येतो. माझ्या उजव्या टोंगळ्याची, म्हणजे गुडघ्याची, वाटी फुटली यात चांगलं काही नव्हतं. नंतरच्या वर्षभरात जे दोन-तीन आनंद हाताला लागले ते त्या फुटण्याचं फळ आहेत, असंही मी कधी म्हणणार नाही. सूत कातायची टकळी सासूबाईंच्या पेटीत आधीपासून होतीच. खंजेरी दर गुरुवारी हनुमानाच्या देवळात वाजतच होती. मी फक्त त्या वेळी घरी नसायची.

मी असायची रस्त्यावर. 2020 नंतर बऱ्याच जणांना सायकलचं वेड लागलं, त्यांतली मी एक. त्याआधी 2017 साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' एकट्यानं पूर्ण केली होती. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जवळजवळ 4800 किलोमीटर, तेही बारा दिवसांच्या आत. नागपूर-वर्ध्याकडे तेव्हापासून सायकल म्हणजे गरिबाचं वाहन हा समज जरा हलला. आमच्या गावात मात्र तो जागचा हलला नाही. जिल्हा परिषदेच्या मास्तरणीला पगार किती मिळतो हे गावाला रुपयापर्यंत ठाऊक. त्यामुळे पंचेचाळिशीची बाई डोक्याला हेल्मेट लावून अंधारात सायकल काढते कशाला, हे कोडं कुणाला सुटेना. "मॅडमले पेट्रोल परवडून नाही राहिलं का?" असं एका आजोबांनी माझ्या नवऱ्याला पारावर सगळ्यांदेखत विचारलं होतं.

मला ब्रेव्हे करायच्या होत्या. ब्रेव्हे ही शर्यत नसते. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात कापायचं, एवढंच. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. चारही एका हंगामात झाल्या की 'सुपर रँडोनियर' म्हणवून घ्यायचं. पहिला-दुसरा असा नंबर कुणी देत नाही. पण नंबर देणारं कुणी नसलं की माणूस स्वतःच स्वतःला नंबर द्यायला लागतो, आणि तो परीक्षक फार वाईट. माझ्या 200 आणि 300 झाल्या होत्या, 400 ची तयारी चालली होती. सरासरी वेग, चढ, छातीचे ठोके, सगळं मोबाइलमध्ये. सुटीच्या दिवशी आर्वीहून तळेगाव, तिथून हायवेला लागून वर्धा नदीचा पूल, तिवसा आणि मोझरी. मोझरीला गुरुकुंज आश्रमाजवळ चहा घ्यायचा आणि परत फिरायचं. तुकडोजी महाराजांच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर उभी राहून मी काय बघायची, तर घड्याळ.

नोव्हेंबरात तूर फुलावर असते आणि पहाटे रस्त्याला दव असतं. तुरीतून रोही निघाला. ज्यांनी रोही जवळून पाहिला नाही त्यांना नीलगाय म्हटलं की गरीब गायीसारखं काही डोळ्यांपुढे येतं. पूर्ण वाढलेला नर म्हणजे दोनशे किलोचं धूड असतं. तो मधोमध थांबला, मी ब्रेक दाबले, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पलीकडच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, निघून गेला. मी टोंगळ्यावर आपटले. कापूस वेचायला निघालेल्या बायांचा ऑटो मागून येत होता. त्यांनी मला उचललं, सायकल टपावर बांधली आणि आपली अर्धी रोजी बुडवून मला दवाखान्यात पोहोचवलं.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं ते मात्र मी शिक्षिका असल्यामुळे नीट लक्षात ठेवलं. गुडघ्याची वाटी मांडीच्या स्नायूच्या कण्डरेत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत, बसलेली असते. ती कप्पीसारखं काम करते, त्यामुळे पाय सरळ करायला जोर मिळतो. वाटीचे आडवे दोन तुकडे झाले की मांडीचा स्नायू वरचा तुकडा वर ओढतो, तुकडे लांब जातात आणि पाय उचलताच येत नाही. म्हणजे ज्या मांडीच्या जोरावर मी पेडल मारत होते, तीच आता तुकडे फाकवत होती. उपायही त्याच ओढीतून काढलेला. दोन सळ्या आरपार घालायच्या आणि समोरून तार इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळवून बांधायची. गुडघा वाकताना स्नायू ओढायला लागला की ती ओढ तुकड्यांना फाकवण्याऐवजी एकमेकांवर दाबते. हे ऐकून मला एवढ्या दुखण्यातही बरं वाटलं. कुणीतरी डोकं लावून काहीतरी सुरेख केलंय आणि ते आपल्या पायात आहे.

घरी आल्यावर कळलं की गावाकडचं घर जमिनीवर चालतं. निवडणं, टिपणं, जेवणं, पूजा, शेजारणीशी बोलणं, सगळं खाली बसून. मी पाय सरळ ठेवून प्लास्टिकच्या खुर्चीत, समोर स्टुलावर पाय, आणि बाकी सगळी माणसं माझ्यापेक्षा दोन फूट खाली. जणू मी तपासणीला आलेली केंद्रप्रमुख. पहिले काही आठवडे मी मोबाइलवर इतरांच्या सायकली बघत काढले. कुणी कुठला घाट चढला, कुणाच्या 400 झाल्या. ते बघून काय होतं हे सांगत बसत नाही. ज्यांनी असं केलंय त्यांना माहीत आहे.

टकळी निघाली ती वातींच्या निमित्तानं. सासूबाई दुपारी घरच्या कापसाच्या वाती वळत बसायच्या. माझे हात मोकळे दिसत होते, त्यांनी एक मूठ कापूस माझ्या ओटीत टाकला. माझ्या वाती बघून त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, आतल्या खोलीतली लोखंडी पेटी उघडली आणि तळाशी लुगड्यात गुंडाळलेली पितळी टकळी काढून आणली. वीतभर काडी, वरच्या टोकाला आकडी, खाली रुपयाएवढी चकती.

"चौथीत होती मी, तवाची हाय," त्या म्हणाल्या. "सूतकताईचा तास राहे. मास्तर सूत मोजून घेत."

आता गंमत बघा. डी. एड.ला असताना मी वर्धा शिक्षण योजना तोंडपाठ केली होती. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937, वर्ध्याला परिषद, अध्यक्ष गांधीजी, मग डॉ. झाकीर हुसेन यांची समिती, हस्तोद्योग केंद्रस्थानी ठेवून शिक्षण. पाच मार्कांची टीप आजही लिहून देईन. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात, मगन संग्रहालय वर्ध्यातच, 1938 सालचं. तिथे मी मुलांच्या सहली घेऊन गेलेय, चरख्यांपुढे उभी राहून माहिती सांगितलीय. पण टकळी हातात धरली नव्हती. जी योजना मी पुस्तकातून शिकले ती सासूबाई चौथीत हातानं जगल्या होत्या, आणि त्यांना ते काही विशेष वाटतही नव्हतं. पेटीचरख्याला मांडी घालून बसावं लागतं, तो माझ्या कामाचा नव्हता. टकळी खुर्चीत बसूनही चालते.

नुसत्या हातानं पिंजलेल्या कापसाचं सूत गाठीगाठींचं निघायला लागलं, तेव्हा नवऱ्यानं वर्ध्याहून पेळू, म्हणजे नीट पिंजलेल्या कापसाच्या वळकट्या, आणून दिले. डाव्या हाताच्या चिमटीत पेळू, उजव्या हातानं टकळीला चुटकी. काडी गरगरते, पीळ धाग्यातून वर चढत येतो आणि चिमटीशी येऊन थांबतो. त्या क्षणी चिमूट किंचित सैल करायची आणि हात वर न्यायचा. पीळ पेळूत शिरू द्यायचा नाही आणि तंतू कोरडेही सुटू द्यायचे नाहीत. हे वाचायला जेवढं सोपं आहे तेवढं करायला नाही. पीळ कमी पडला तर तंतू एकमेकांवरून घसरून धागा विरघळल्यासारखा सुटतो. जास्त झाला तर तो स्वतःभोवती वेटोळे घेतो आणि तटकन तुटतो. आणखी एक गोष्ट मला बोटांनीच कळली. पीळ सगळीकडे सारखा बसत नाही. जिथे धागा बारीक, तिथे तो धावून जातो आणि ती जागा तारेसारखी कडक होते. जाड जागा मऊच राहते. म्हणून जाड जागा दिसली की दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून, जरा पीळ उलटवून, हळूच ताणायची. जाडी पातळ होते आणि पीळ तिच्यात उतरतो. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी घरात एकटीच होते. मोठ्यानं "हा!" म्हटलं, तर अंगणातलं कुत्रं उठून बसलं.

तुटलं की मात्र मी चिडायची. सासूबाई खालून बघत असायच्या.

"तुटते तं तुटू दे ना बाई. तुहं काय जाते? दोन्ही टोकं उकल, एकमेकांवर ठेव, फिरव. झालं."

झालं म्हणजे खरंच झालं. सांधलेली जागा शोधून सापडत नाही. हाडाच्या बाबतीत एवढं सोपं नसतं, हे मी मनात म्हटलं, त्यांना नाही.

मोजायची सवय मात्र जात नव्हती. जुनं माप असं, चार फुटांचा एक तार आणि 640 तारांची एक गुंडी. मी लगेच हिशेब केला. 2560 फूट, म्हणजे साधारण 780 मीटर. एवढं अंतर मी सायकलवर दोन मिनिटांत कापत होते. तेवढंच सूत कातायला मला दिवसांमागून दिवस लागले, कारण सुरुवातीला माझं सूत कातण्यापेक्षा तुटण्यातच जास्त वेळ जायचा. एक संपूर्ण गुंडी झाली तेव्हा मी ती हातात घेऊन बसले. पाऊण किलोमीटर रस्ता माझ्या मुठीत होता आणि त्याचा इंच न् इंच माझ्या बोटांखालून गेला होता. आर्वी-तळेगाव रस्त्याच्या इंचांबद्दल मी हे म्हणू शकत नाही. तिथला मला फक्त चढ आठवतो आणि तो खड्डा.

उगाच गांधीवादी झाले असं समजू नका. आमच्या शेतात क्विंटलनं कापूस निघतो आणि आम्ही घरातले सगळे पॉलिस्टर घालून तो विकायला नेतो, ही विसंगती काही माझ्या एका गुंडीनं मिटत नाही. सासूबाईंना तर त्यात विसंगतीही दिसत नाही. कापूस विकायचा, पैसे आणायचे. त्यांची तक्रार वेगळी. बीटी कापसाचं बियाणं आल्यापासून, म्हणजे 2002 नंतर, गावरान पऱ्हाटी कुणी लावेना झालं आणि वातीला पूर्वीसारखा कापूस मिळेना. माझ्या सुताचा पहिला उपयोगही त्यांनीच ठरवला. वटपौर्णिमेला ते वडाला गुंडाळलं गेलं. एवढे कष्ट करून कातलेलं सूत झाडाला! पण गावातल्या बायांनी फेरे घेताना ते चिमटीत धरून बघितलं. "घरचं हाय?" "मॅडमनं कातलं." वडाच्या पाराशी माझी जी किंमत वाढली ती 300 किलोमीटरच्या पदकानं वाढली नव्हती.

गोधडीत मी फार रमले नाही. खाली पसरलेल्या कापडावर बसून कडेकडेनं धावदोरा घालत आत सरकायचं असतं, ते मला जमत नव्हतं. माझं काम सुया ओवून देणं आणि जुन्या लुगड्यांचे तुकडे कापणं. माझ्या सायकलच्या जर्सी मी मोठ्या भावनेनं त्या ढिगात टाकल्या होत्या. कुणीतरी अशा आठवणींची रजई केल्याचं मोबाइलवर बघितलं होतं. सासूबाईंनी जर्सी दोन्ही हातांनी ताणली, सोडली, ती रबरासारखी परत आली. "हे कापड नोय," असं म्हणून त्यांनी ती फरशी पुसायला ठेवून दिली. चांगली पुसते.

भजनाकडे मी आपण होऊन गेले नाही. पाय खाली टेकवून काठी घेऊन चालायला लागले तेव्हा फिजिओथेरपीच्या बाईंनी रोज थोडं चालायला सांगितलं. घरापासून देऊळ हे बरोबर तेवढंच अंतर. गुरुवारी संध्याकाळी महिला मंडळाचं भजन असतं. मी सभामंडपाच्या कडेला उभी राहिले, कुणीतरी खुर्ची आणली, आणि बसले म्हटल्यावर हातात टाळ आले. रिकाम्या हातानं भजनात बसू देत नाहीत.

खंजेरी म्हणजे काय ते विदर्भाबाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. ताटलीएवढं लाकडी कडं, एका बाजूनं कातडं मढवलेलं, कड्याच्या खाचांमध्ये पितळी झांजा. जुनी माणसं घोरपडीच्या कातड्याची आठवण काढतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं कातडं नाहीतर सरळ फायबर. कातड्याची खंजेरी पावसाळ्यात मऊ पडते, वाजवण्याआधी ती शेकोटीवर धरून तापवावी लागते. फायबरला ती कटकट नाही, पण आवाज जरा पत्र्यासारखा येतो. आमच्या मंडळात दोन्ही आहेत, आणि कोणती चांगली यावर वाद आहे. माझं मत कातड्याच्या बाजूनं. तापवताना त्यावर टिचकी मारत बसायचं, आवाज हळूहळू वर चढताना ऐकायचा, यातच अर्धं भजन आहे.

इकडे घराघरात खंजेरी पोहोचली ती तुकडोजी महाराजांमुळे. 1909 साली यावलीला जन्म, 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम, आणि हातात कायम खंजेरी. 1942 च्या आंदोलनात इंग्रजांनी त्यांना अटक केली. आष्टी आमच्यापासून लांब नाही. तिथले म्हातारे अजून सांगतात की लोक भजनानं पेटले होते. 1968 च्या ऑक्टोबरात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी ते गेले. पुण्यतिथीला त्याच मिनिटाला मौन पाळतात. मोझरीला लाखो माणसं जागच्या जागी थांबतात, आमच्या गावातही दळणाची चक्की बंद होते. सायकलवर मी त्या आश्रमावरून जात होते तेव्हाही हे सगळं मला माहीत होतं, पण सामान्य ज्ञानाच्या प्रश्नासारखं.

मला खंजेरी शिकवली ती माझ्याच शाळेतल्या सातवीच्या पोरीनं. तिला तेराचा पाढा येत नव्हता. वर्गात मी तिला त्यावरून बोलायची. देवळात ती माझ्या खुर्चीशेजारी उभी राहून माझं मनगट धरून हलवायची.

"मॅडम, हात ढिला सोडा ना. हँडल धरल्यासारखी काऊन धरून राहिल्या?"

डाव्या हातात खंजेरी धरायची, त्याच हाताच्या बोटांनी मागून कातडं हलकं दाबायचं, म्हणजे आवाज खाली-वर होतो. उजव्या हाताची बोटं कडेला आणि मध्ये. झांजा वाजतात त्या मनगटाच्या झटक्यानं, आणि तो झटका ठेक्याच्या मधल्या जागेत पडायला हवा. भजनी ठेका आठ मात्रांचा. कहरवाही आठचाच, पण चाल वेगळी. मला हे गणित म्हणून दोन मिनिटांत कळलं आणि हाताला कळायला होळी उजाडली. आठ मात्रांचा पाढा म्हणत वाजवायची तेव्हा ती पोरगी हसायची. "मोजू नका. बोल ऐका आज्जीचे, तुमचा हात जाईल आपोआप." नंतर ती तेराच्या पाढ्यात अडखळली तेव्हा मी तिला ठेक्यात म्हणायला लावला. आला. पण हे लिहिताना मला जरा लाज वाटते, कारण हा फार शिक्षकी योगायोग झाला. खरं तर 13 सत्ते तिला अजून नीट येत नाही.

माझी खोड एकच, मी लय पळवायची. बायका गात असायच्या एका चालीत आणि दुसऱ्या कडव्याला माझी खंजेरी पुढे निघालेली. सायकलवर मिनिटाला ऐंशी-नव्वद पेडलं मारायची सवय अंगात मुरलेली. लय जरा सैल वाटली की जोर लावायचा, हे पायांना माहीत होतं आणि हातांनी तेच उचललं. भजन म्हणणाऱ्या मोठ्या आजी सत्तरीच्या पुढच्या, आवाज अजून खणखणीत. त्या एकदा मध्येच थांबल्या. सगळं मंडळ थांबलं. माझ्या खुर्चीकडे मान वर करून म्हणाल्या, "बाई वं, आमाले मागं ठेवून कुठं चालली?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी येऊन त्यावर बराच वेळ विचार करत पडले. सायकलच्या ग्रुपमध्ये मागे राहणाऱ्याची आम्ही वाट बघतो, नाही असं नाही. पण पुढे जाणाऱ्याला कुणी "कुठं चालली" म्हणून विचारत नाही. त्याला शाबासकी मिळते. इथे पुढे जाणं म्हणजे सरळ चूक. मागे राहणंही चूकच. पेटीवाल्या काकू, ढोलकीवरचा त्यांचा मुलगा, टाळ धरलेल्या दहा-बारा बाया आणि आजी, या सगळ्यांच्या मध्ये एक जागा असते. तिथे असलं की आपली खंजेरी आपल्याला वेगळी ऐकूच येत नाही. हे जेव्हा पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं माझं वाजायचं थांबलं. हाताकडे बघितलं तर हात चालू होता.

हे झालं की मला जे वाटतं त्याला मी आनंदच म्हणते, दुसरा मोठा शब्द शोधत नाही. आणि त्याचबरोबर हेही सांगते की वेगात मजा आहे. वर्धा नदीच्या पुलाकडे उतरताना कानात वारा शिरतो आणि डोळ्यांतून पाणी येतं, त्याची सर टकळीला नाही. ज्यानं तो उतार अनुभवला नाही त्यानं मला संथपणाची थोरवी सांगायला येऊ नये. मी दोन्हीकडची आहे.

पाय सुधारत गेला तसा एक मजेशीर पेच झाला. फिजिओथेरपीच्या बाई कोनमापकानं गुडघा मोजायच्या. भिंतीला पाठ लावून, टाच फरशीवरून ओढत, रोज थोडंथोडं. नव्वद अंश झाले तेव्हा जिन्याची सोय झाली. सायकलचं पेडल पूर्ण फिरवायला साधारण 110 अंश लागतात, ते पावसाळ्यात मिळाले. मी सायकल काढली, शाळेपर्यंत गेले, परत आले. मांडी बारीक झालेली, चढाला पाय थरथरायचा. पण सायकल चालली. मांडी घालून बसायला मात्र 130 च्या वर अंश हवेत. ते अजून आलेले नाहीत. तारेचं टोक वाटीच्या वरच्या बाजूला कातडीखाली लागतं, खाली टेकलं की सुई टोचल्यासारखं होतं. तार काढायची की राहू द्यायची ते पुढे ठरेल. म्हणजे जगाच्या दृष्टीनं मी बरी झाले, हायवेवर सायकल चालवते. पण भजनाच्या सतरंजीवर अजून बसू शकत नाही, तिथे अजूनही खुर्चीतच.

दिवाळीनंतर इकडे गावोगावी खंजेरी भजनाच्या स्पर्धा लागतात. पुरुष गट, महिला गट, बाल गट, रात्रभर चालतात. मंडप, कडाक्याची थंडी, चहाचे ड्रम आणि पहाटे निकाल. आमच्या मंडळानं यंदा नाव द्यायचं ठरवलं आहे. माझी गुरू सातवी पास होऊन आठवीला तालुक्याच्या होस्टेलला गेली, त्यामुळे खंजेरी माझ्याकडेच आली. दुसरं कुणी नाही. त्याच आठवड्यात नागपूरहून 200 ची ब्रेव्हे आहे. जुन्या मित्रांनी ग्रुपवर विचारलं, येणार का, गुडघा आता ठीक ना. गुडघा 200 ला तयार नाही हे एक कारण झालं. पण तयार असता तरी मी नाही म्हटलं असतं का, याचं उत्तर मी अजून स्वतःला दिलेलं नाही. एवढं खरं की ग्रुपवर "या वेळी नाही" असं लिहिताना फार वेळ लागला नाही.

टेम्पो ठरला आहे. पेटी, ढोलकी आणि बाया मागे, आजी ड्रायव्हरशेजारी. प्रश्न अडलाय तो खुर्चीवर. पेटीवाल्या काकूंचं म्हणणं, सगळ्या खाली आणि एकच बाई खुर्चीत बसली तर परीक्षक मार्क कापतील, दिसायला बरं दिसत नाही. एकीनं उपाय काढला की सगळ्यांनीच खुर्च्यांवर बसावं. त्यावर ढोलकीवाला म्हणाला, मग ढोलकी काय डोक्यावर ठेवू? माझी सूचना, मी मागे उभी राहून वाजवते. आजींना ती पसंत नाही. खंजेरी त्यांना कानाशी लागते. काल पुन्हा बैठक झाली, चहा झाला, ठरलं काहीच नाही. शेवटी आजी म्हणाल्या, खुर्ची टेम्पोत टाकून ठेवा, तिथं गेल्यावर पाहू.